चिठ्ठीवरचं ‘ओ’

एकतीस वर्षं ठाण्यातल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नौपाड्यात भाजी घेताना कुणीतरी थांबवतंच, “ताई, जरा हा रिपोर्ट बघता का?” या महिन्यात पत्रं बरीच आली. त्यातल्या पाचांना उत्तरं देते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. ते वाचल्यावर मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

प्रश्न : माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, मिस्टरांचा ए पॉझिटिव्ह. मुलगा अकरा महिन्यांचा आहे. न्यूमोनियासाठी दाखल केलं तेव्हा त्याचा गट एबी पॉझिटिव्ह आला. नणंदेने मोबाइलवर तक्ता शोधला. ओ आणि ए आईबापांना एबी मूल होत नाही, असं त्यात दिलंय. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मिस्टर म्हणतात, डीएनए करून टाकू. ताई, मी काय करू? (एक वाचक, ऐरोली)

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना शांतपणे वाचून दाखव. एबी मुलाजवळ दोन जनुकं असतात, एक ए आणि एक बी. एक आईकडून येतं, एक बापाकडून. तू खरोखरच ओ असशील, तर तुझ्याकडून त्याला ए पण मिळणार नाही आणि बी पण नाही. म्हणजे एखादा अतिदुर्मीळ अपवाद सोडला, तर ओ गटाच्या आईला एबी मूल जगातल्या कुठल्याही पुरुषापासून होऊ शकत नाही. मूल तुझ्याच पोटचं आहे, हे तर घरात कुणी नाकारत नाही. मग तो तक्ता बापाबद्दल काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की तुझ्या चिठ्ठीवरच्या ‘ओ’मध्ये किंवा बाळाच्या ‘एबी’मध्ये काहीतरी तपासायचं राहिलं आहे.

आता ते ओ आलं कुठून? तूच लिहिलं आहेस, कॉलेजच्या शिबिरात बोटाला टोचून काढलं होतं आणि गरोदरपणाच्या फाइलवरही तेच उतरवलं गेलं. असंच होतं. मी अशी शेकडो कार्डं पाहिली आहेत. एकदा कुणीतरी काचेच्या पट्टीवर घाईने गट काढतो आणि पुढची वीस वर्षं ते अक्षर शाळेच्या ओळखपत्रावरून लायसन्सवर, तिथून हॉस्पिटलच्या फाइलवर उतरत राहतं. पुन्हा रक्ताकडे कुणी बघत नाही.

गट काढायची तपासणी दोन बाजूंनी होते. पहिली बाजू पेशीची. तुझ्या लाल पेशींवर निळ्या बाटलीतलं अँटी-ए, पिवळ्या बाटलीतलं अँटी-बी टाकायचं आणि पेशींचे गोळे होतात का ते बघायचं. दोन्हीत झाले नाहीत, तर आपण ‘ओ’ लिहितो. दुसरी बाजू सिरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्याची. तुझं सिरम घ्यायचं आणि त्यात आपल्याजवळच्या माहितीतल्या ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी वेगवेगळ्या ट्यूबमध्ये टाकायच्या. ओ गटाच्या माणसाचं सिरम ए आणि बी पेशींचे गोळे करतं, ओ पेशींना हात लावत नाही. शिबिरात बहुतेकदा पहिलीच बाजू होते. शंभरात नव्याण्णवाहून जास्त वेळा तेवढ्यावर भागतंही. तू कदाचित उरलेल्यांतली असशील.

मला एक रात्र आठवते. पावसाळा होता, लोकल बंद पडल्या होत्या. अपघातातल्या एका माणसाचा नमुना आला. संध्याकाळच्या पाळीत गट निघाला होता ओ पॉझिटिव्ह, फक्त पेशीच्या बाजूने. मी क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाचं सिरम आणि पिशवीतल्या पेशी जुळतात का ते बघायला, ओ पॉझिटिव्हची एक पिशवी लावली, ट्यूबमध्ये ढेकळं. दुसरी लावली, तेच. सहा पिशव्या लावल्या. प्रत्येक ट्यूबच्या तळाशी एक घट्ट लाल गोळा. सेंट्रिफ्यूज थांबलं की ट्यूब हातात घेताना मला दरदरून घाम फुटत होता. मग त्याचं सिरम ओ पेशींबरोबर लावलं, जे आधीच लावायला हवं होतं. तिथेही गोळा. तो माणूस ओ नव्हताच. तो बॉम्बे गटाचा होता.

हा गट आपल्याकडचा. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. इंग्लंडमधले रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स हेही त्या निबंधात सहलेखक होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला आणि शहराचं नाव गटाला चिकटलं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा, युरोपात दहा लाखांत एक, असं धरतात. ठाण्याहून सकाळी सुटणाऱ्या गाड्या बघ आणि दहा हजार माणसं किती लवकर भरतात ते मनात धर. हा गट आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

त्यात होतं काय? ए आणि बी ही दोन्ही अक्षरं लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीची टोकं आहेत. पण ती टोकं लागायला आधी एक पाया लागतो, त्याला एच म्हणतात. हा पाया घालणारं जनुक निराळं, ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर. ए-बी ठरवणारं जनुक नवव्यावर. कुणाला एचचं जनुक आईबापांकडून, दोन्हीकडून, बिघडलेलं मिळालं, तर पाया पडतच नाही. मग नवव्यावर बी असलं तरी ते बसणार कुठे? पेशी कोरी दिसते, पट्टीवर गोळे होत नाहीत, चिठ्ठीवर ‘ओ’ येतं. पण बी जनुक तिथेच असतं आणि बाळाला जातं. बाळाला बापाकडून चांगलं एच मिळतं, पाया पडतो, त्यावर आईचं लपलेलं बी उमटतं, बापाचं ए उमटतं. झाला एबी. तुझ्या घरात बहुतेक हेच घडलं असावं, किंवा तुझा बी गट फार दुबळा असेल आणि पट्टीवर नजरेतून सुटला असेल. तिसरी शक्यता म्हणजे सरळ चूक, नमुन्यांवरची नावं बदलली जाणं. ती नेहमी गृहीत धरायची, म्हणून तिघांचेही नमुने नव्याने द्या. बाळ दवाखान्यात बदललं असेल का, हा विचार या सगळ्यानंतर.

एखाद्या रक्तपेढीत जा, गल्लीतल्या लॅबमध्ये नको. तिथे हे सांग : गट ट्यूबवर काढा, पेशीच्या आणि सिरमच्या दोन्ही बाजूंनी, ओ पेशी लावा आणि अँटी-एच टाकून बघा. साध्या ओ माणसाच्या पेशींवर एच सगळ्यात जास्त असतं, अँटी-एच टाकताच त्यांचे गोळे होतात. बॉम्बे गटाच्या पेशी तशाच मोकळ्या राहतात. तासाभराचं काम आहे. डीएनए तपासणीला माझी हरकत नाही, पण ती या तपासणीच्या आधी केली तर घरातलं कुणीतरी आयुष्यभर म्हणत राहील, की हिच्यावर तपासणी करायची वेळ आली होती. क्रम महत्त्वाचा आहे, अगं.

आणि तू बॉम्बे निघालीस, तर सासूबाईंना सांग, की भांडणापेक्षा मोठी गोष्ट हाती लागली. तुझ्या सिरममध्ये ए, बी आणि एच तिन्हींच्या विरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, असतील. तुला साधं ओ रक्त चढवलं तर ते अंगात फुटेल. तुला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालेल. बाळंतपणात रक्ताची गरज पडली असती तर क्रॉसमॅचने ते पकडलं असतं, पण तेव्हा शोधायला वेळ कुठून आणायचा? तुझ्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच कर. प्रत्येकाची याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक आहे.

काय निघालं ते मला कळव. माझा जीव त्यात अडकला आहे.

प्रश्न : मी बारावीला आहे. पुस्तकात लिहिलं आहे की रक्तगट म्हणजे पेशीपटलावरचे अँटिजेन. पण पटल तर तेलाचं, मेदाचं असतं ना? त्यावर साखर टिकते कशी? आणि रक्ताची पिशवी ४२ दिवसांनी का टाकून देतात? (एक विद्यार्थी, कळवा)

तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी नोकरीला लागले तेव्हा मला हे कुणी समजावलं नव्हतं. वर्षानुवर्षं गोळे बघत होते, गोळा कशाचा होतो ते उशिरा कळलं.

लाल पेशीचं पटल मेदाच्या दोन थरांचं आहे. प्रत्येक मेदरेणूला पाण्याची ओढ असलेलं एक डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या. शेपट्या आत एकमेकींना चिकटून, डोकी बाहेर. मध्ये कोलेस्टेरॉल, त्याशिवाय हा थर नको इतका सैल होईल. पण वजनात बघितलं तर अर्ध्याहून थोडा जास्त भाग प्रथिनांचा असतो, मेदाचा त्याहून कमी, साखरेचा सगळ्यात थोडा. साखर तेलावर तरंगत नाही, ती प्रथिनांना आणि काही मेदरेणूंना पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेली असते. बँड थ्री नावाचं एक प्रथिन आहे, एका पेशीत सुमारे दहा लाख. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांकडे नेण्यासाठी ते बायकार्बोनेट आणि क्लोराइडची अदलाबदल करतं. आणि त्याच्याच अंगावर ए-बी-ओची बरीचशी साखर लटकलेली असते. श्वासाचं काम करणाऱ्या प्रथिनाच्या खांद्यावर आपला रक्तगट बसलेला आहे.

ती साखर कशी लिहिली जाते बघ. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असतं. त्यावर फ्यूकोज नावाची साखर जोडली की एच तयार झालं. मग नवव्या गुणसूत्रावरचं एन्झाइम येतं. ए गटात ते त्या गॅलॅक्टोजवर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसअमाइन लावतं, बी गटात आणखी एक गॅलॅक्टोज लावतं. या दोन साखरांत फरक केवढा? दुसऱ्या कार्बनवर एकीकडे ॲसिटिल लागलेला नायट्रोजन, दुसरीकडे साधा हायड्रॉक्सिल. आणि ती लावणाऱ्या दोन एन्झाइमांत फक्त चार अमिनो आम्लांचा फरक. एवढ्याशा फरकासाठी माणूस जीव गमावू शकतो.

ओ गटात बहुधा त्या जनुकातलं एकच अक्षर गळलेलं असतं. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचतात. ‘कमळ गवत पळस उसळ’ यातला पहिला ‘ळ’ काढ आणि पुन्हा तीन-तीन अक्षरांनी वाच : ‘कमग वतप ळसउ सळ’. एका अक्षराने पुढचं सगळं निरर्थक झालं. एन्झाइम बनतच नाही, एच तसंच उघडं राहतं. तेच ओ.

हे नुसतं रसायन आहे याचा मला पटलेला पुरावा सांगते. मोठ्या आतड्याचा आजार असलेल्या काही ए गटाच्या रुग्णांत अचानक दुबळं बी दिसायला लागतं. जिवाणूंचं एन्झाइम रक्तात येऊन ए साखरेवरचं ते ॲसिटिल तोडतं आणि उरलेली साखर बीसारखी दिसते. आजार बरा झाला की बी जातं. जनुक तेच, माणूस तोच, फक्त एका रेणूचं टोक खुडलं गेलं. इथेही सिरमची बाजू आपल्याला वाचवते, कारण त्याच रुग्णाच्या सिरममध्ये अँटी-बी तसंच असतं.

आता पटलाच्या आतली बाजू. तिथे स्पेक्ट्रिन नावाच्या लांब प्रथिनांचं जाळं विणलेलं असतं, षटकोनी घरांचं. वाशी खाडीच्या बाजूला कोळ्यांची जाळी वाळत घातलेली पाहिली असशील, तसंच डोळ्यांपुढे आण. गाठीगाठीला ॲक्टिन, आणि अँकिरिन नावाचं प्रथिन ते जाळं बँड थ्रीला बांधून ठेवतं. लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि प्लीहेतल्या ज्या फटींतून तिला जावं लागतं त्या जेमतेम एक मायक्रॉनच्या. सकाळच्या लोकलमध्ये आपण अंग चोरून शिरतो तसं तिला सुमारे १२० दिवस करायचं आहे. तिच्यात केंद्रक नाही, नवीन प्रथिन बनवता येत नाही, जे घेऊन निघाली त्यावरच भागवायचं. जाळं दुबळं असलेल्या घराण्यांत पेशी गोल होतात आणि प्लीहेत अडकून फुटतात.

पिशवीचं उत्तर इथेच आहे. पटलाच्या दोन्ही थरांतले मेद वेगळे. फॉस्फॅटिडिल सेरीन हा मेद नेहमी आतल्या थरात ठेवलेला असतो, तो बाहेर सरकला की एक प्रथिन त्याला आत ओढतं आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. तो बाहेर दिसला, की शरीरातल्या भक्षक पेशी ओळखतात की ही म्हातारी झाली, आणि तिला गिळतात. पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवली तरी एटीपी हळूहळू संपतं. पेशींना काटे फुटतात, पटलाचे बारीक फुगे गळून पडतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं. पिशवीत मीठ, ॲडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल घातलेलं असतं. ग्लुकोज खायला, ॲडेनिन एटीपी बनवायला, मॅनिटॉल पेशी फुटू नये म्हणून. त्याने ४२ दिवस मिळतात. हे द्रावण नसलं, नुसतं सीपीडीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं नेहमीचं द्रावण असलं, तर ३५. फ्रीजमधून पिशवी काढताना वरचा द्रव लालसर दिसला, तर ती पिशवी देऊ नये. हे मला शिकवलं गेलं आणि मीही पुढच्यांना शिकवलं.

एक गोष्ट जाता जाता सांगते, तुला आवडेल. पीटर आग्रे नावाचे शास्त्रज्ञ लाल पेशीच्या पटलावरचं आरएच प्रथिन, म्हणजे गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवणारं, शोधत होते. त्यांच्या नमुन्यात एक नको असलेलं प्रथिन सारखं येत राहिलं. त्यांनी ते फेकलं नाही. ते पाण्याची वाट निघालं, ॲक्वापोरिन. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या शोधाला मिळाला. प्रॅक्टिकलच्या वहीत ‘कचरा’ म्हणून काही खोडण्याआधी हे आठव.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं की ए गटाच्या माणसांनी कुळीथ खाऊ नये, त्याने रक्ताच्या गुठळ्या होतात. आमच्या घरात सगळे ए गटाचे आणि आठवड्यातून दोनदा पिठी होते. बंद करू का? (गृहिणी, कोपरी)

अजिबात नको. पण ही अफवा हवेतून आलेली नाही, त्यामागे खरी गोष्ट आहे, ती चुकीच्या ठिकाणी नेली आहे.

कच्चे कुळीथ भिजवून, वाटून, सलाईनमध्ये त्यांचा अर्क काढला तर त्यात एक प्रथिन येतं. त्याला लेक्टिन म्हणतात. ते ए गटाच्या त्या शेवटच्या साखरेला पकडतं. भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये हे दाखवलं, म्हणजे बॉम्बे गटाच्या आधी एक वर्ष. अर्क ठरावीक प्रमाणात पातळ केला की तो ए-वन पेशींचे गोळे करतो आणि ए-टू पेशींना सोडून देतो. त्यांच्यावर ही साखर कमी असते, ए-वनवर आठ-दहा लाख टोकं तर ए-टूवर साधारण अडीच लाख. जगभरच्या रक्तपेढ्या ए गटाचे हे पोटभेद ओळखायला आपल्या कोकणातलं कडधान्य वापरतात. मी पहिल्यांदा बाटलीवरचं नाव वाचून घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या नोकरीत आपले हुलगे?”

पण हे सगळं काचेच्या ट्यूबमध्ये. तुम्ही कुळीथ भाजता, दळता, लसूण-आमसूल घालून खळखळ उकळता. त्या उष्णतेने लेक्टिनची घडी मोडते. आणि पोटातून काही तसंच्या तसं रक्तात जात नाही. रक्तगटाप्रमाणे आहार ठरवण्याला आधार नाही. पिठी करा, वर तुपाची धार घाला.

(वर ऐरोलीच्या पत्रात मी अँटी-एच म्हटलं, तेही वनस्पतीचंच. पिवळ्या फुलांचं एक काटेरी युरोपी झुडूप आहे, त्याच्या बियांतलं लेक्टिन फ्यूकोज पकडतं.)

प्रश्न : मुलीसाठी चांगलं स्थळ आलं आहे. पत्रिका जुळते. पण दोघांचाही गट ओ पॉझिटिव्ह. मध्यस्थ म्हणतात एक रक्तगट असला की मुलं होत नाहीत, झाली तर अपंग होतात. नकार कळवावा का? (वडील, घणसोली)

दादा, नकार कळवू नका. नवरा-बायकोचा गट सारखा असण्याने काहीही बिघडत नाही. रक्तपेढीच्या खिडकीत याच कारणाने मोडलेली लग्नं मी ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटला. कुणाचं तरी चांगलं आयुष्य एका अक्षरावरून मोडतात.

ज्या जोड्यांत जपायचं असतं ती गोष्ट वेगळी आहे. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर. तुमची मुलगी पॉझिटिव्ह आहे, तेव्हा हा प्रश्न तुमच्या घरात येत नाही. तरीही चार ओळी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या निगेटिव्ह मुलीला त्या हव्या असतील. आपल्याकडे निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक.

आरएचचं डी हे साखरेचं टोक नाही. ते संपूर्ण प्रथिन आहे, पटलाच्या आरपार बारा वेळा ये-जा करणारं. निगेटिव्ह माणसात ते बहुतेक वेळा मुळातच नसतं, जनुकच गायब असतं. ए-बीच्या अँटिबॉडी आपल्यात लहानपणीच तयार होतात, कारण तशाच साखरा आतड्यातल्या जिवाणूंवर असतात. डीसारखं काही जिवाणूंवर नसतं, म्हणून निगेटिव्ह बाईच्या अंगात अँटी-डी आपोआप येत नाही. पहिल्या बाळंतपणात पॉझिटिव्ह बाळाचं थोडं रक्त तिच्यात मिसळलं की मग येतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या बाळाच्या वेळी ती अँटिबॉडी वारेतून पलीकडे जाते आणि बाळाच्या पेशी फोडते. यावर उपाय आहे आणि तो १९६८ पासून आहे : अँटी-डीचं इंजेक्शन. गरोदरपणात अठ्ठाविसाव्या आठवड्याला, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत. गर्भपात झाला तरीही डॉक्टरांना याबद्दल विचारायचंच. हे इंजेक्शन न मिळाल्यामुळे दुसऱ्या बाळाला मुकलेल्या आया मी पाहिल्या आहेत. ते दुःख टाळता येण्यासारखं होतं.

मध्यस्थांना तुम्ही एक विचारा, पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी दोन्हीकडून झाली आहे का? त्यात हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण बघतात, रक्तगटाच्या ए-टूशी त्याचा संबंध नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आमच्या पेढीत बॅग घ्यायला येणाऱ्या आईबापांचे चेहरे मला अजून आठवतात. लग्नाआधी विचारायचंच असेल तर हे विचारा. ओ पॉझिटिव्हवर चर्चा थांबवा आणि हॉल बघायला लागा.

प्रश्न : गेल्या वर्षी ऑपरेशनआधी मी बॉम्बे गटाचा आहे असं कळलं. तेव्हापासून प्रत्येक शिबिरात जाऊन रक्त देतो, कारण हा गट दुर्मीळ आहे. मित्र म्हणतात तू चुकतोस. खरं काय? (वय २६, नेरुळ)

तुझी तळमळ मनापासून कळते आणि तुला रागावण्याचा प्रश्नच नाही. पण मित्र बरोबर सांगतायत. शिबिरात दिलेली तुझी पिशवी ४२ दिवसांत कुणालाच लागली नाही तर वाया जाते, किंवा गडबडीत साध्या रुग्णाला चढते. आणि तिसऱ्या आठवड्यात एखाद्या आईला ती खरोखर हवी असेल, तेव्हा तू नुकतंच रक्त दिलेलं असतं आणि पुरुषाला दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून तुझं रक्त अंगातच ठेव. तीच त्याची सगळ्यात चांगली साठवण आहे. दोन मोठ्या रक्तपेढ्यांच्या दुर्मीळ गटांच्या यादीत नाव आणि बदलणार नाही असा फोन नंबर दे. नंबर बदलला तर त्याच दिवशी कळव. फोन आला, की हातातलं काम टाकून जा.

स्वतःसाठीही बघ. ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर आधी तुझंच रक्त काढून तुझ्यासाठी ठेवता येतं, सर्जनना महिनाभर आधी विचार. पाकिटात कार्ड ठेव आणि त्यावर नुसतं ‘बॉम्बे’ लिहू नकोस. घाईत ते शहराचं नाव वाटू शकतं. ‘बॉम्बे रक्तगट, साधं ओ रक्त देऊ नये’ असं पूर्ण वाक्य लिही, आणि खाली आरएचही लिही.

पत्रात तू धाकट्या बहिणीचा उल्लेख केला आहेस, तिच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह आहे म्हणालास. तिला येत्या रविवारी रक्तपेढीत घेऊन जा आणि काउंटरवर सांग, ओ पेशींची ट्यूबही लावा.